साडेअठरा इंच

टेबलावर अकरा वस्तू होत्या. आजोबांची एकनळी बंदूक, तिच्या नळीचा कापून काढलेला फाटका तुकडा, बर्चच्या लाकडाची सरळ दांडी, पोलादी पट्टी, कानस, तेलाची बाटली, दोन चिंध्या, पेन्सिल, वही आणि कॉफीचा मग. मग ओन्नीमामाचा होता. बाकी सगळं लेम्पीचं.

शनिवारची सकाळ होती. ऑक्टोबर संपत आला होता आणि सरोवरावरून येणारा वारा मामाच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानाच्या पत्र्यावर वाळू फेकत होता. गेल्या मोसमात नळीच्या तोंडात बर्फ अडकलेला असताना लेम्पीने चाप ओढला होता आणि पुढचा वीतभर भाग केळ्याच्या सालीसारखा उलगडला होता. बंदूक टाकून द्यायला तिचं मन धजेना. आजोबांनी तिला ती त्यांच्या हयातीतच कागदोपत्री देऊन टाकली होती. नळी कापून छोटी करायला कायद्याची आडकाठी नव्हती. नळी अठरा इंचांच्या खाली जाता कामा नये आणि अख्खी बंदूक सव्वीसच्या खाली, एवढंच. अठराच्या आत गेली तर मात्र तो गुन्हा, आणि साधासुधा नव्हे.

लेम्पीने अर्धा इंच राखून कापली. साडेअठरा. इंचाचे आठ सूत धरले तर अठरा इंच चार सूत. त्या चार सुतांवर तिचं बरंच काही अवलंबून होतं. एक तारखेला राज्याच्या राजधानीत, लान्सिंगला, सरकारी प्रयोगशाळेत, बंदुका तपासण्याच्या विभागात, तिला रुजू व्हायचं होतं. आपल्याकडे बेकायदा शस्त्र नाही, असं तिने सहीनिशी लिहून दिलं होतं.

नळी मोजायची रीत तिला मामानेच शिकवली होती. आई गेल्यावर आठ वर्षांच्या लेम्पीला त्याने ह्याच टेबलाशी स्टुलावर बसवलं होतं. बाहेरून पट्टी लावायची नाही, कारण नळी मागे किती आत शिरली आहे ते बाहेरून दिसत नाही. बंदूक उघडून ती रिकामी आहे हे दोनदा पाहायचं, पुन्हा मिटायची, तोंडातून दांडी सोडायची. दांडी मागच्या पोलादावर टेकली की टक् असा आवाज येतो. तोंडापाशी पेन्सिलीची खूण करायची, दांडी काढायची आणि पट्टीला लावायची. कायदाही असाच मोजतो.

टक्. अठरा इंच चार सूत. तिने वहीत लिहिलं.

मग मामा मागच्या दाराने कॉफीची किटली घेऊन आला. त्याला दाखवावं म्हणून तिने पुन्हा मोजलं. अठरा इंच तीन सूत.

मामा हसला. म्हणाला, पोरगी पदवी घेऊन आली आणि एक सूत हरवून बसली. त्याने स्वतः मोजून पाहिलं, तरी तीनच.

लेम्पीने नळी उघडून खिडकीकडे धरली. आत स्वच्छ होतं, पलीकडे उजेडाचं गोल नाणं. बाहेरून लावलेल्या पट्टीवर एका केसाचाही फरक नव्हता. थंडीने पोलाद आकसतं, पण एवढ्या नळीतलं एक सूत जायला साडेपाचशे अंशांची थंडी लागेल. तिने गणित दोनदा केलं. इतकं गार जगात काही होऊच शकत नाही.

तिने नवी दांडी कापली. तरी तीन.

अकरा वाजता मामा मांस-बटाट्याचं सारण भरलेली पेस्टी आणायला गावात गेला. त्याच्या ट्रकचा आवाज वळणापलीकडे विरला तेव्हा लेम्पीच्या हातात दांडी होती.

टक्. चार सूत.

तिने दहा वेळा मोजलं. दहाही वेळा टक्, दहाही वेळा चार. मग अंगणात ट्रक शिरला आणि अकराव्या वेळी आवाज आला नाही. दांडी कशावर तरी टेकली, पण पोलादावर नाही. तीन सूत. मामा दारात उभा राहून बूट झाडत होता तेव्हा दोन. तो टेबलाशी येऊन गरम पुडकं तिच्यासमोर ठेवत होता तेव्हा एक. तिने दांडी बाहेर काढली. टोक कोमट होतं, नुकतंच कोणी मुठीत धरलेलं असावं तसं.

तिने तो आकडा वहीत लिहिला नाही.

मामा तिच्या बाजूच्या स्टुलावर बसून खात होता. वहीकडे त्याने पाहिलंही नव्हतं. बटाट्याचा तुकडा बोटाने आत सारत तो म्हणाला, "अजून अठराच्या वर आहे ना?"

लेम्पीने वही मिटली. उन्हाळ्यात लान्सिंगचं पत्र आलं त्या दिवशी त्याने दुकानाची नवी पाटी रंगवायला घेतली होती. 'ओन्नी आणि लेम्पी'. पत्र वाचून त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि तिला विचारलं होतं, साखर किती घालू. त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नव्हता. तो किती समजूतदार आहे, असंच तिला वाटत आलं होतं.

साडेबाराला शेरीफच्या खात्यातला ऑर्विल ट्रेम्बाथ आला. त्याला ती लहानपणापासून ओळखत होती. टोपी काढून तो दाराशीच घुटमळला. त्याच्या हातात त्याची स्वतःची पोलादी सळई होती.

"लेम्पी, मला हे आवडत नाहीये," तो म्हणाला. "पण फोन आलाय. तुझ्याकडे अठराच्या आतली नळी आहे म्हणे. मोजून पाहायला लागेल."

"मोज की. कधी आला फोन?"

"गुरुवारी."

नळी तिने आज सकाळी सात वाजता कापली होती. कापणार आहे हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं, बुधवारी, जेवताना.

तिने ऑर्विलकडे पाहिलं. ऑर्विलने मामाकडे पाहिलं आणि मग टोपीच्या कडेकडे पाहत राहिला. मामाने तेवढ्यात एक स्वच्छ मग शोधला होता आणि त्यात कॉफी ओतत होता. हात जराही हलत नव्हता.

"पोर नवखी आहे, ऑर्विल," मामा म्हणाला. "एखादं सूत इकडेतिकडे झालं असेल. बंदूक तू घेऊन जा, वकिलाचं मी बघतो. ती इथेच राहील, माझ्या नजरेसमोर. लान्सिंग काय पळून जातंय?"

"मामा, जरा बाहेर जा."

"माझ्या दुकानातून?"

"पाच मिनिटं. अंगणात नको. वळणापर्यंत जा."

"ऐकलंस?" स्टुलावर बसत मामा ऑर्विलला म्हणाला. आवाजात माया होती, नेहमीचीच. "लहानाचं मोठं केलं हिला."

लेम्पीने ऑर्विलला सांगून पाहिलं की आधी बाहेरून मोज. त्याने नकारार्थी मान हलवली. बाहेरचं माप कोर्टात चालत नाही, तुलाही ठाऊक आहे. मामाला बाहेर पाठव, असंही तिने सांगितलं. का, असं त्याने विचारलं.

तिच्याकडे वही होती. वहीत सोळा आकडे होते. एकाशेजारीही कारण लिहिलेलं नव्हतं.

ऑर्विलने बंदूक उघडली. रिकामी आहे हे दोनदा पाहिलं. मिटली.

मामा स्टुलावरून उठला आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला.

सळई आत गेली.

तिने कान दिले. पत्र्यावर वाळू पडत होती.

मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तळहात कोमट होता.

ऑर्विलने तोंडापाशी अंगठ्याचं नख दाबलं, सळई बाहेर काढली, पट्टीला लावली. पुन्हा आत सोडली, पुन्हा लावली. मग खिशातून छापील कागद काढून तो टेबलावर सपाट केला, आणि लेम्पीचीच पेन्सिल घेऊन लिहिलं.

सतरा इंच एक सूत.