चार स्क्रू

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात एक अक्षरही वाढवलेलं नाही. उलट दोन-तीन गोष्टी लिहवल्या नाहीत म्हणून गाळल्यात.

आणि हो, ही मध्यरात्रीची गोष्ट नाही.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, किती स्वच्छ काम! त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर कधी आतून बघितलेला नसतो. केसांचे गुंते, झुरळांची अंडी, पंख्याच्या पात्यांवर चिकटलेलं तेलकट काहीतरी... एकदा तर कीबोर्डच्या बटणांखाली कापलेल्या नखांचा ढीग निघाला होता. मी ते फुंकून काढायचो आणि त्याच हातांनी डबा खायचो. मला किळस म्हणून कशाची येत नाही, असं फुशारकीने सांगायचो.

आता सांगत नाही.

त्या मंगळवारी मी ताईकडे गेलो होतो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. अंध मुलांसाठी ती पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. मुलांची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि तिचे अकरा धडे बाकी होते. ते वेळेत गेले नसते, तर पुस्तकाशिवाय परीक्षेला बसायची वेळ त्या पोरांवर आली असती.

"तू सांगितलंस म्हणून ते अपडेट मारलं मी," दार उघडताच ती सुरू झाली. "आणि तेव्हापासून हा कॉम्प्युटर मेल्यासारखा चालतोय. ये, दीडशहाण्या, निस्तर आता."

अपडेट होतं एसएसडीच्या फर्मवेअरचं. एसएसडी म्हणजे डेटा साठवणारी चपटी डबी. फर्मवेअर म्हणजे तिच्या आतलं तिचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर. कंपनीकडून सूचना आली, ताईने फोन करून विचारलं आणि मी म्हणालो, मार हो म्हणून.

"नुसता हळू नाही चाललाय," ताई म्हणाली. "मी सलग वाचते. नंतर ऐकते तर मध्येच चार सेकंद काहीच नाही. काल सात सेकंद. आज अकरा."

मी म्हटलं, सोपं आहे. डिस्क मंद झाली की रेकॉर्डिंग तुटतंच.

वेग तपासला. जिथे सेकंदाला पाचशे एमबी यायला हवेत, तिथे बावीस.

केबल बदलली. बावीस. दुसऱ्या खाचेत लावली. बावीस. डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी होती. पुसलेली जागा खरोखर मोकळी करायची सोय चालू होती. एकही प्रोग्राम चालू नव्हता.

तरीही डिस्क शंभर टक्के कामात होती...

कुणीतरी सतत काहीतरी लिहीत होतं.

तापमान बघितलं. सदतीस. दहा मिनिटं काम दिलं, तरी सदतीस अंश, माणसाच्या अंगाइतकं. कॉम्प्युटर बंद करून आम्ही चहा प्यायलो. अर्ध्या तासाने चालू केला...

सदतीस.

"ते रेकॉर्डिंग ऐकव," मी म्हणालो.

ताईचा आवाज छान, खणखणीत. पाण्याच्या चक्रावरचा धडा होता. मध्येच तो तुटला. शांतता. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. शेवटपर्यंत नेला.

पच...

पच... पच...

ओलं, लिबलिबीत. कुणीतरी मऊ भात तोंडात घोळवतंय असं. एकदा लाळ आत ओढल्याचा आवाज आला.

एसएसडीत काहीही फिरत नाही. तिला आवाज नसतो. आणि हे तर रेकॉर्डिंगच्या आत होतं.

"ई! कोण जेवतंय हे?" ताईने तोंडावर पदर धरला. पण ती आयुष्यभर आवाजातच राहिलेली बाई. तिने हेडफोन चढवले आणि पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"हे जेवणं नाही रे," ती हळूच म्हणाली. "जेवताना माणूस नाकाने श्वास घेतो. हा तोंडाने घेतोय. हा... बोलायला बघतोय."

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

"ही डिस्क कुठली आणलीस तू?"

"नवीनच आहे," मी म्हणालो.

तोंडावर खोटं बोललो. सख्ख्या बहिणीशी.

खरं काय ते आता तुम्हाला सांगतो.

चार महिन्यांपूर्वी एका घरमालकाने मला बोलावलं होतं. त्याचा भाडेकरू वारला होता. एकटा राहणारा म्हातारा. सोळा दिवसांनी दार फोडलं तेव्हा कळलं. कॉम्प्युटर तेवढा उचलून न्या, म्हणाला.

तो वास... मी पायरीवरच थांबलो. नाकाला रुमाल बांधला तरी तो जिभेवर येत होता. खुर्चीखालची फरशी घासून घासूनही पिवळी राहिली होती. कॉम्प्युटरच्या पंख्यात माश्यांची टरफलं साचली होती. खोक्याच्या तळाला काहीतरी सुकलेलं, तपकिरी. ते काय होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

टेबलावर पेला होता. त्यात कवळी.

"अर्धं अंग गेलं म्हणे," मालक दारातूनच बोलत होता. "खुर्चीतून पडला, पण डॉक्टर म्हणाले, दोन दिवस तरी जिवंत असणार. वरच्या बाईंना आवाज यायचा. त्यांना वाटलं, जेवतोय."

मी सगळं भंगारात टाकलं. एसएसडी तेवढी त्या खोलीतच सोडवून घेतली होती, ती ठेवली. जवळजवळ कोरी होती आणि वरून बंद. तिच्यात काय शिरणार? त्याच आठवड्यात ताईची डिस्क गेली. बाजारात मिळेना आणि ताईचं काम अडलेलं. मी ही पुसायला घेतली. पूर्ण पुसायचा हुकूम या डिस्कने तीनदा नाकारला. मग नुसतं वरवर फॉरमॅट केलं, स्पिरिटने डबी पुसली आणि ताईच्या कॉम्प्युटरमध्ये बसवून आलो.

तर तो मंगळवार. ताईसमोर मी कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली आणि खोका उघडला. म्हटलं, ही घाण आत्ताच्या आत्ता बाहेर.

एसएसडी चार बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. एकेक काढला.

आमच्या धंद्यात सगळ्यांना एक खोड असते. दोन्ही हात गुंतलेले असतात, स्क्रू घरंगळून हरवतात. म्हणून आम्ही ते ओठांत धरतो.

चारही स्क्रू माझ्या ओठांत होते.

डबी हातात आली... आणि गरम लागली. ऊन ऊन. ओठांतले स्क्रूही तसेच झाले. ते ओले होते, आणि ती लाळ माझी नव्हती. आंबूस, चिकट, कवळीच्या पेल्यातल्या शिळ्या पाण्यासारखी चव जिभेवर पसरली.

तेव्हा आठवलं.

स्क्रू तेच होते. त्याच्या कॉम्प्युटरमधले. डबीबरोबर मीच इकडे आणलेले. आणि त्या दिवशी, त्या खोलीत, रुमाल खाली ओढून मी ते ओठांतच धरले होते. भुकेल्यासारखी डबी सोडवत होतो. माझ्यापासून दोन पावलांवर ती पिवळी फरशी होती.

मी बेसिनकडे धावलो. आतडी बाहेर येतील इतकं ओकलो. ताई पाठ चोळत होती. "अरे, काय झालं? काय खाल्लंस?"

ओकारीतून स्क्रू निघाले. मी बोटांनी चाचपून मोजले.

तीन.

पुन्हा मोजले. बेसिनची जाळी उघडली, खालचा पाइप सोडवला, ती सगळी घाण हातांनी चाळली. मला किळस येत नाही ना... चाळली.

तीनच.

दुसऱ्या दिवशी पोटाचा एक्सरे काढला. डॉक्टर म्हणाले, आत काहीही नाही. छातीचा काढला. घशाचा काढला. काही नाही.

ताईला मंगळवारीच संध्याकाळी खरीखुरी नवीन डिस्क बसवून दिली होती. सगळं कबूलही केलं. ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "दोन दिवस हाका मारत होता रे तो." बस, एवढंच. त्यानंतर तिने आठ दिवस माझा फोन घेतला नाही.

तिचे अकरा धडे वेळेत गेले. एकही सेकंद गाळलेला नव्हता. बोलणं सुरू झाल्यावर मी तिच्याकडे जाऊन प्रत्येक धडा आवाज शेवटपर्यंत वाढवून ऐकला. स्वच्छ होते.

जुनी डबी मी हातोडीने फोडली. आत हिरवी पट्टी आणि चार काळ्या चिपा. सगळ्यांच्यात असतात तशाच. चुरा करून लांब टाकून आलो.

मला वाटलं, सुटलो.

माझं दुकान पुढे आणि घर मागे आहे. मध्ये फक्त पडदा. मागच्या सोमवारी जेवण झाल्यावर मी एका लॅपटॉपवर वाकलो होतो. टॉर्च आतच राहिली होती. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं...

पच...

जीभ हलत होती. ओठ हलत होते. शब्द येत नव्हता. हनुवटीवरून काहीतरी ओघळलं, आंबूस वासाचं.

पच... पच...

आतून बायको म्हणाली, "अहो, आत्ताच तर जेवलात. आता काय खाताय?"

चार सेकंद. मग आवाज परत आला. मी हनुवटी पुसली आणि टॉर्च आणायला स्वतःच आत गेलो.

गुरुवारी सात.

काल अकरा. काल उजवा हातही जड पडला होता. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला आणि मला तो उचलता येईना.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितलाय. परवाची वेळ मिळालीय. तोंडी सांगायला गेलो आणि मध्येच आवाज गेला तर, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

आज सकाळी बायकोला समोर बसवून सांगितलं. म्हटलं, मी दुकानात काही खातोय असा आवाज आला, तर हातातलं काम टाक आणि आधी येऊन बघ. प्रत्येक वेळी ये.

ती हसायला लागली.

"प्रत्येक वेळी? अहो, दिवसभर काही ना काही चघळतच असता तुम्ही. किती वेळा येऊ?"

गेले आठ दिवस मी दुकानात काहीही खाल्लेलं नाही.