जास्तीचं जातं कुठे

मंगळाच्या वाटेवरचा एकशे सव्विसावा दिवस होता. ‘आरोही’ नौकेच्या जलशेती-कक्षात मुक्ता गावितच्या बोटांना राजगिऱ्याचं बी लागेनासं झालं.

बी डोळ्यांना दिसत होतं. पण ते चिमटीत आहे की सुटलं, हे तिला बघूनच ठरवावं लागत होतं. आणि राजगिऱ्याचं बी ते केवढं! भारहीन अवस्थेत एकदा सुटलं की तरंगत तरंगत थेट हवाशोषकाच्या जाळीला जाऊन चिकटतं. त्या सकाळी तिने जाळीवरून नऊ बिया परत वेचल्या. दहावी सुटली तेव्हा काम तिथेच सोडून ती डॉक्टरांकडे गेली.

डॉ. उपेंद्र मुळे नौकेवरच्या सहा जणांची तब्येत सांभाळत. माणूस सज्जन, हुशार, आणि आपल्या हुशारीवर अंमळ जास्तच विसंबणारा. त्यांनी स्पर्शतंतू काढला. हा केसासारखा बारीक धागा. तो बोटाला हलकेच टेकवायचा आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाने ‘लागला’ म्हणायचं. दहापैकी सात वेळा मुक्ता ‘लागला’ म्हणाली.

“उतरायला किमान नऊ लागतात,” डॉक्टर म्हणाले.

हे तिला सांगायची गरज नव्हती. एक्केचाळीस दिवसांनी नौकेतून दोघीजणी मंगळावर उतरणार होत्या, नौकाप्रमुख ब्रिजिट लोपीस आणि मुक्ता. तिथल्या घुमटात, तिथल्या मातीत पहिलं बी मुक्ता लावणार होती. त्या मातीत तग धरणारं बियाणं तयार करण्यात तिची बारा वर्षं गेली होती. ती अपात्र ठरली तर राखीव म्हणून डॉ. मुळ्यांचं नाव होतं. उतरायची इच्छा त्यांनाही होती आणि ती त्यांनी कधी लपवलीही नव्हती.

“माझी जागा हवी असेल तर सरळ मागा की,” मुक्ता हसून म्हणाली.

“वेडी आहेस का! मला सांग, रोजची पुडी घेतेस?”

पुडीत जीवनसत्त्वांच्या गोळ्या असत. मुक्ताने त्या कधीच घेतल्या नव्हत्या. “ताटभर चवळई खाते मी, अंबाडी खाते. गोळ्या कशाला? तुम्ही लोक पुडी गिळता आणि माझी भाजी नुसती चिवडता.”

“मग झालं तर! मज्जातंतूंना ब-सहा जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की बोटं बधिर होतात. पाच जण पुडी घेतात, त्यांची काही तक्रार नाही. एकटी तू घेत नाहीस, तुझी तक्रार आहे. आणखी काय पुरावा हवा?”

बिनतोडच होतं ते. पुडीतल्या एका गोळीत तीस मिलिग्रॅम ब-सहा होतं. डॉक्टरांनी मुक्ताला रोज दोन सुरू केल्या.

दोन आठवड्यांनी तंतू दहापैकी चार वेळाच लागला.

मुक्ताला रडू आलं आणि पाठोपाठ रागही आला. “डॉक्टर, रोप पिवळं पडलं म्हणून खत घातलं आणि ते आणखी पिवळं पडलं, तर मी पुन्हा खत नाही घालत. मुळं कुजलीत का ते बघते.”

डॉक्टरांनी स्पर्शतंतू डबीत ठेवला. मग म्हणाले, “ब-सहा कमी पडलं तरी बोटं बधिर होतात, आणि फार झालं तरी होतात. ते माझ्या मनात आलं होतं. पण तू गोळीला हात लावण्याआधीच बधिरपणा सुरू झाला होता. जास्त होणार कुठून? शिवाय अ किंवा ड असतं तर गोष्ट वेगळी. ती चरबीत विरघळतात, शरीरात साठून राहतात, म्हणून त्यांची भीती. ब-सहा पाण्यात विरघळतं. जास्तीचं लघवीवाटे बाहेर जातं.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“बाहेर म्हणजे...” डॉक्टर बोलता बोलता थांबले.

नौकेत बाहेर असं काही नव्हतंच. सहा जणांची लघवी आणि अंग पुसलेल्या फडक्यांचं पाणी एका टाकीत जमा होई. त्याची वाफ करून प्यायचं शुद्ध पाणी काढत. मागे उरे तो घट्ट रस. तो पिकांना फार मानवे, म्हणून मुक्ता तो आपल्या जलशेतीला घाली. चार महिने तिची चवळई त्याच रसावर माजली होती.

दोघांनी मिळून पानं तपासली. माणसाला दिवसाला जेमतेम दोन मिलिग्रॅम पुरतं. मुक्ताच्या रोजच्या ताटात बावीस निघालं.

“पाच जणांच्या गोळ्यांनी एवढं होईल?” मुक्ताने विचारलं.

“नुसत्या गोळ्यांनी नाही.” डॉक्टरांनी सामानाची यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. जेवणाच्या पाकिटांत ब-सहा घातलेलं होतं. इथल्या कोरड्या हवेसाठी दिलेल्या त्वचालेपातही होतं. सगळे तो दोन वेळा भरपूर चोपडत आणि ओल्या फडक्याने पुसून काढत. लग्नघरी प्रत्येक वाढप्याला वाटतं, पाहुण्याला कमी पडायला नको. तसंच इथे झालं. पृथ्वीवरच्या गोळीवाल्या समितीने वाढलं, पाकिटवालीने वाढलं, लेपवालीनेही वाढलं. पाहुण्याच्या ताटाकडे मात्र कोणीच बघितलं नाही.

“अति तिथे माती म्हणतात ते उगीच नाही,” डॉक्टर म्हणाले.

“माती असती तर बरं होतं. तिने थोडं तरी पोटात घेतलं असतं.”

उपाय अवघड नव्हता. ब-सहा प्रकाशाने नासतं. घट्ट रस प्रखर दिव्याखाली ठेवून मगच पिकांना घालायचा, पुड्या बंद, लेप बंद. पण मज्जातंतू सावकाश सुधारतात. काही महिने तरी लागणार होते, आणि हातात दिवस उरले होते सत्तावीस.

ब्रिजिट लोपीस वसईची, मोजकं बोलणारी. तिने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुक्ताच्या खांद्यावर हात ठेवला. “वाईट वाटतं गं. पण दहापैकी चारवर मी तुला खाली नेऊ शकत नाही. डॉक्टर येतील माझ्याबरोबर.”

“माझ्याच गोळ्यांनी तिचे साताचे चार झाले,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. “मला माफ कर, मुक्ता.”

मुक्ताने मान हलवली. बारा वर्षं डोळ्यांपुढून गेली, आणि त्या क्षणी तिला डॉक्टरांचा मनापासून हेवा वाटला. मग काहीतरी खटकलं. भाजी चिवडत का होईना, डॉक्टरही खात होते. शिवाय ते पुडी घेत होते, लेपही चोपडत होते.

“डॉक्टर, तुमची चाचणी कधी झाली?”

“निघायच्या आधी. मला कुठे काय होतंय? दिवसभर कळा दाबतो, पडदे बघतो. तुझ्यासारख्या बिया थोड्याच वेचायच्यात!”

“तरी पण करू या,” ब्रिजिट म्हणाली. “उतरणाऱ्याची चाचणी दुसऱ्याने करायची, असा नियम आहे.”

डॉक्टरांनी हसत डोळे मिटले आणि हात पुढे केला. मुक्ताने स्पर्शतंतू घेतला. तिला स्वतःला तो नीट लागत नव्हता, म्हणून डोळ्यांनी नेम धरून तिने तो डॉक्टरांच्या तर्जनीला टेकवला. मग मधल्या बोटाला, मग अंगठ्याला. पुन्हा तर्जनीला.

“हं, कर सुरू,” डॉक्टर म्हणाले.

मुक्ताने ब्रिजिटकडे पाहिलं. मुक्ताने तंतू आणखी तीनदा टेकवला, आता धागा वाकेपर्यंत.

“अगं, किती वेळ? लाव ना.”

“सात वेळा लावून झाला, डॉक्टर.”

त्यांनी डोळे उघडले. धागा अजून त्यांच्या अंगठ्यावर वाकून टेकलेला होता. ते त्याच्याकडे पाहत राहिले, दुसऱ्या कोणाचं बोट पाहावं तसे. गोळ्या न घेता मुक्ताला सात लागले होते आणि गोळ्या घेऊन चार. नौकेवरचे त्यातल्या त्यात शाबूत हात तिचेच होते. बाकीच्यांना हे कळायला कारणच पडलं नव्हतं.

डॉक्टरांनी वाकून उजव्या पायातला मोजा ओढून काढला. या नौकेवर चार महिन्यांत कोणी एक पाऊलही चाललं नव्हतं.

“पायाला लावून बघ,” ते म्हणाले. “मंगळावर चालावं लागणार आहे.”

मुक्ता खाली वाकली. तेवढ्यात ब्रिजिटने आपलेही मोजे काढायला घेतले.