भिंतीला दिलेलं उत्तर

नाटक एका खऱ्या, जुन्या वेढ्याचं होतं. किल्ला पडल्यावर तळघरात लपलेली चाळीस माणसं शत्रूनं विटांनी चिणून टाकली, तिथे दुसरा अंक संपायचा. नाटकाचे ध्वनी करणाऱ्या बाईला स्टुडिओत बनवलेली शांतता काही पटेना. "कोंडलेल्या जागेची शांतता वेगळी असते," असं दिग्दर्शकाला सांगून एका दुपारी ती रेकॉर्डर घेऊन थेट त्या तळघरातच गेली.

म्हाताऱ्या राखणदारानं कुलूप काढलं. आत काळोख, ओल्या चुन्याचा कुबट वास. आवाज किती घुमतो ते बघायला तिनं समोरच्या विटांच्या भिंतीवर तीनदा टकटक केलं, आणि मग दहा मिनिटं नुसती शांतता टिपली.

घरी हेडफोन लावले. चौथ्या मिनिटाला भिंतीतून आवाज आला. टक... टक... टक.

दुसऱ्या दिवशी तळघरात तिनं हेडफोन लावूनच पुन्हा ठोकलं. पलीकडून एकदम कितीतरी तळवे भिंतीवर आपटू लागले. ती मागे सरली.

"ताई... तुम्ही ठोकलंत?" राखणदारानं हळूच विचारलं.

"घुमारा बघायला, काका."

"मलाही ऐकू येतं अधूनमधून. तीस वर्षं झाली, पण मी कधी उत्तर दिलं नाही." तो मटकन खाली बसला. "आता त्यांना वाटणार, कुणीतरी सोडवायला आलंय..."

तिला राहवेना. हातापाया पडून तिनं परवानगी मिळवली, गवंडी आणला. विटांचे दोन थर निघाले. मागे अखंड काळा खडक. खोली नव्हतीच. हेडफोनमध्ये मात्र हातोड्याच्या प्रत्येक घावासरशी माणसं रडत होती, हसत होती, एकमेकांना हाका मारत होती.

गवंडी हत्यारं आवरून निघून गेला. पलीकडचे आवाज रोज थोडे कमी होऊ लागले.

"काय जीव ओतलायस गं!" तालमीत ते आवाज ऐकून दिग्दर्शक म्हणाला. तिनं मान खाली घातली. रोज दुपारी ती रेकॉर्डर आणि हेडफोन लावून तळघरात जाऊन बसायची. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. सातव्या दिवशी एकच टकटक उरली, तीही दमलेली. तिनं खडकाला कपाळ टेकवलं.

"मागे दगड आहे हो... मला नाही येता येत. माफ करा."

टकटक त्याच क्षणी थांबली.

त्या दुपारचं रेकॉर्डिंग तिनं घरी ऐकलं. तिच्या शब्दांनंतर बराच वेळ काहीच नव्हतं. मग एका म्हातारीचा थकलेला आवाज आला, पोरांना थोपटताना येतो तसा.

"निजा आता. सकाळी येते म्हणाली ती."

"कोण गं, आजी?" एका लहान मुलीनं विचारलं.

म्हातारीनं नाव सांगितलं, हेडफोन लावून ऐकत बसलेल्या बाईचंच. संपूर्ण, माहेरच्या आडनावासकट. तळघरात तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.