भरदुपारचा टूथब्रश

टक्. टक्. टक्.

बेसिनच्या कडेवर टूथब्रश आपटल्याचा आवाज. भरदुपार, लेक झोपलेली, घर इतकं शांत की फ्रिजनेही घुरघुर थांबवलेली… आणि मी जरा कागद-पेन घेऊन टेकणार, तोच हा आवाज.

भरदुपारी दात कोण घासतं? आमच्या घरी घासतात. माझा नवरा बेकरीतून आला की आधी आंघोळ, मग धुतलेले कपडे, मग दात – आणि मग बायको. या क्रमात आजवर फरक पडलेला नाही. मैत्रिणींचे नवरे फुलं आणतात म्हणे. माझा मात्र दात घासतो. आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही तो आवाज कानावर पडला की माझा हात आपोआप केसांकडे जातो.

हे सगळं सुरू झालं एका बिस्किटापासून.

तेव्हा मी मामाच्या दुकानात काम करायचे. वाद्यं दुरुस्त करायचं दुकान. लांबट, अरुंद, तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास भरून राहिलेलं. तारांची वाद्यं मामाकडे, फुंकायची माझ्याकडे. फुंकायच्या वाद्याची गंमत अशी की ते दुरुस्त झालं की नाही, हे फुंकल्याशिवाय कळत नाही. म्हणजे लोकांनी तोंडात धरलेलं आपण तोंडात धरायचं. इतरांना नुसतं ऐकूनच कसंतरी होतं. मला कसंतरी व्हायचं कारण वेगळं होतं.

मला सिलिअ‍ॅक आहे. गव्हात, जवात जे ग्लुटेन असतं ते पोटात गेलं की माझं शरीर माझ्याच आतड्यावर तुटून पडतं. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. उपाय एकच – जन्मभर ते खायचं नाही. कणभरही नाही. ज्या सुरीने ब्रेड कापला ती सुरी नाही, ज्या तेलात दुसऱ्याचं काही तळलं ते तेल नाही. लोकांना हे पटत नाही. "सवय केली की सोसतं," असं मला पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. मी फुंकायच्या आधीसुद्धा धुऊन घ्यायचे. दुकानात माझं स्वतःचं माउथपीस होतं, म्हणजे वाद्याचा ओठांत धरायचा तो तुकडा. गिऱ्हाइकाचं वाजवून बघायची वेळ आलीच, तर साबण, ब्रश, कोमट पाणी… आणि मगच ओठ. शाळेच्या बँडची वाद्यं कधी आतून पाहिली आहेत? अर्धा वाढदिवस निघतो आतून.

त्या दिवशी पाऊस होता, पण कामचुकार – थोडा पडायचा, थोडा थांबायचा. एक तरुण वाद्याची पेटी घेऊन बराच वेळ आमच्या दुकानाच्या छपराखाली उभा होता. आत येत नव्हता, जातही नव्हता. शेवटी मामाने आतूनच विचारलं की बाबा, दुरुस्ती तुझी करायची आहे की पेटीतल्या वस्तूची? तेव्हा तो आत आला. क्लॅरिनेट होतं. सूर गुदमरतोय, म्हणाला.

मी माझं माउथपीस लावून वाजवलं. सूर स्वच्छ.

"तुमच्याजवळ नीट वागतंय," तो म्हणाला. "माझ्यावरच रुसतं."

"तुम्ही काही बोललात का त्याला?"

"मी कुठे बोलतो… तेच बोलतं आमच्यात." आणि तो हसला. एकाच गालाने. दुसरा गाल परवानगीची वाट बघत असल्यासारखा.

मग त्याने खिशातून स्वतःचं माउथपीस काढलं, बाहीला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. साबण हाताच्या अंतरावर होता. नळ त्याच्या शेजारी. हे सगळं मला माहीत होतं. पण मी त्या दुसऱ्या गालाकडे बघत होते – आणि बघता बघता फुंकलं.

सूर गुदमरला. आणि जिभेवर काहीतरी आलं. गोडसर, भुरभुरीत, लहानपणीच्या ओळखीचं.

"तुम्ही बाहेर उभे राहून काय खात होता?" मी अगदी हळू विचारलं.

"बिस्किट."

"गव्हाचं?"

"आणखी कशाचं असतं?"

मी नळाकडे धावले. चूळ भरून भरून ओठ सुन्न झाले. दुरुस्तीही तेवढ्यात झाली म्हणा, कारण बिघाड तोच होता. माउथपीसच्या आत बिस्किटाचा एक तुकडा घट्ट बसला होता, त्यातला निम्मा मी काढला होता. तोंडाने.

पोटात कालवाकालव होणं हा इतरांसाठी वाक्प्रचार असतो. मी दोन दिवस अंथरुणात पाय पोटाशी घेऊन पडले होते, आणि लाजेची गोष्ट अशी की यातलं बिस्किटामुळे किती आणि त्या गालामुळे किती, हे मला नक्की सांगता येत नव्हतं.

मी दुकानात परतले त्याच दिवशी तो आला. माझ्या आजारपणाचं मामाने त्याला सांगितलं होतं, कारण मात्र सांगितलं नव्हतं. मामाला अशा ठिकाणी गप्प बसायला आवडतं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन न धुतलेल्या माउथपीसबद्दल माफी मागू लागला, आणि पिशवीतून एक डबा काढून त्याने टेबलावर ठेवला.

"आमच्याच बेकरीतली. सकाळच्या भट्टीची, मी स्वतः केलेली."

डबाभर बिस्किटं. मामा हातातल्या व्हायोलिनवर डोकं टेकवून हसत राहिला.

मग मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. आत साप असावा तसं त्याने डब्याचं झाकण लावलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला, बाहीच्या घडीत पांढरं पीठ होतं. तो एक पाऊल मागे सरकला. मग आणखी एक. उंबऱ्याबाहेर गेला, छपराच्याही बाहेर… आणि पावसात उभं राहून त्याने विचारलं,

"इथून बोललं तर चालेल?"

आजवर माझ्या दुखण्याबद्दल ऐकून सगळे पुढेच आले होते. हातात ताट घेऊन, "थोडंसं, माझ्यासाठी" म्हणत. मागे सरकलेला हा पहिलाच माणूस. मी खुळ्यासारखी नुसतीच मान हलवली. तो चिंब भिजला तरी मला "आत या" म्हणायचं सुचलं नाही.

त्यानंतर त्याचं क्लॅरिनेट फार बिघडू लागलं. कधी स्क्रू सैल, कधी पट्टी वाकडी. येताना तो न्हाऊन यायचा. ओले केस, इस्त्रीचा शर्ट, माउथपीस धुऊन वेगळ्या डबीत. मामाने त्याचं नाव 'भट्टी' ठेवलं होतं. "भट्टीचं वाद्य फार नाजूक हं," तो व्हायोलिनला सांगायचा. "घरून निघताना धडधाकट असतं, आपल्या कोपऱ्यावर आलं की स्क्रू आपोआप फिरतो."

मला हे कळत नव्हतं असं नाही. पण मला भीती होती, आणि ती खोटी नव्हती. आधी एकाशी माझं जमता जमता राहिलं होतं. त्याच्या घरी मी पाचव्यांदा नुसतं पाणी पिऊन उठले, तेव्हा तो म्हणाला होता, "आयुष्यभर असं जपून जपून जगायचं म्हणजे…" आणि ते वाक्य त्याने अर्धवट सोडलं. माझ्यासकट. आणि हा तर पिठाच्या पोत्यांत वाढलेला. ज्याची हवासुद्धा मला चालत नाही, अशा घरातला.

एका संध्याकाळी मी पट्टी घट्ट करत होते. तो स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत म्हणाला,

"एक विचारू? समजा… एखाद्याने दिवसभर ब्रेड चाखला असेल. त्याचं कामच ते. आणि मग तो तुमच्याशी… बोलला. जवळून."

"किती जवळून?"

तो मग माझ्या हातातल्या माउथपीसकडे बघून म्हणाला, "एवढ्या."

खरं तर मला काहीतरी गोड बोलता आलं असतं. पण घाबरले की मी डॉक्टरांच्या आवाजात बोलते. म्हणाले, "मग नाही चालणार."

त्याने मान डोलावली. क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटला. मी सगळ्या सॅक्सोफोनचे घट्ट असलेले स्क्रू पुन्हा घट्ट केले. मामा थट्टा करायचा थांबला, तेव्हा मला कळलं की माझ्या तोंडावर सगळं दिसतंय. मी मनाशी म्हटलं, बरं झालं. आणि साबणाने हात धुताना उगाचच रडले. साबण तेवढ्यासाठी बरा असतो. डोळ्यांत गेला म्हणून सांगता येतं.

आणि एका दुपारी, मी बासरीत डोळा घालून बसले असताना, दारात धापा टाकल्याचा आवाज आला. तो. हातात वाद्य नाही, छत्री नाही. आणि ओठाच्या कोपऱ्याला पांढरं काहीतरी.

मी खुर्चीसकट मागे सरकले. "पीठ लागलंय तुम्हाला."

त्याने बोटाने पुसून पाहिलं. "नाही. टूथपेस्ट."

मग दारातच उभं राहून, एका दमात, पाठ करून आल्यासारखा तो म्हणाला,

"तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आधी ते भेटेनात, मग भेटले तर तुमच्याबद्दल काही सांगेनात. म्हटलं, तिचं नको, माझं सांगा. म्हणाले, नीट दात घास, चूळ भर, आंघोळ कर, पिठाचे कपडे बेकरीतच ठेव. एवढंच. जन्मभर करायचं, पण एवढंच." तो थांबला. मग जमिनीकडे बघत, अगदी हळू – "मी दात घासून आलोय."

मामाने चष्मा काढला. बारीक खिळे संपलेत, म्हणाला, आणि खिळ्यांनी भरलेली बरणी बाजूला सारून छत्री घेऊन बाहेर पडला.

पुढचं लिहीत नाही. लेक मोठी होईल, वाचेल. एवढंच सांगते की दुसरा गालही हसतो. फक्त जवळून बघावं लागतं.

राहिली त्याची आई. ती जेवायला ये म्हणाली, आणि पाणी पिऊन उठण्याची तयारी करूनच मी गेले. बेकरीच्या मागच्या गल्लीत घर. तिने दार उघडलं आणि मला स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे घासून लख्ख केलेला ओटा, त्यावर नवं पातेलं, नवी सुरी, नवा चमचा. प्रत्येकाला लाल फीत बांधलेली. शेजारी बटाटे आणि तांदूळ. ती स्वतः मात्र दाराबाहेरच उभी.

"मी आत येत नाही गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं पिठात गेली, कुठून काय झडेल सांगता येत नाही. तूच कर, आम्हाला वाढ. पाहुणीला राबवते म्हणून रागावू नकोस."

स्वतःच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिलेली ती बाई, आणि पावसात मागे मागे सरकलेला तिचा मुलगा… हा वसा कुठून आला ते मला तेव्हा कळलं. मी बटाट्यांत मीठ जरा जास्तच टाकलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं आणि ताटातलं संपल्यावर सासू म्हणाली, "ग्लुटेन नाही ते ठीक, पण मिठाचं काय करायचं?"

ते पातेलं अजून आहे. फीत तेवढी लेकीने बाहुलीच्या केसांना बांधली.

लेक चार वर्षांची आहे. बाबाच्या बेकरीतला ब्रेड खाते, आजीची बिस्किटं खाते आणि माझ्याकडे धावत येता येता मधेच वळून तोंड धुऊन येते. तिला कुणी शिकवलं नाही. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात उतरू शकतं, हिचंही रक्त एकदा तपासून घेऊ. तोवर हिचा ब्रेड बंद करू नका, नाहीतर तपासणीत काही कळायचं नाही. म्हणून रोज सकाळी मी तिला ब्रेड खाताना बघत बसते आणि तोंडाने म्हणते, खा, राणी. उद्या रक्त द्यायला जायचंय.

टक्. टक्. टक्.

हे आपटणं वेगळं आहे, हलकं, घाईचं. मी पेन ठेवून उठले. लेक कधी जागी झाली कुणास ठाऊक, स्टुलावर चढून बाबाच्या शेजारी दात घासतेय. तोंडभर फेस. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि एकाच गालाने हसला.

लेकीने चूळ भरली. मग विचारलं, उद्या सुई टोचून बघणार ना, मला आईसारखं आहे का ते? मी हो म्हटलं. असलं तर काय, म्हणाली. मी म्हटलं, तर मग तू आणि मी एकाच पातेल्यातलं खाऊ, आणखी काय.

तिला ते पटलं. तिने हातातला एवढासा ब्रश नळाखाली धरला. मग मान वर करून म्हणाली,

"पण आई, बाबा तर तुझ्यासाठी घासतो. माझ्यासाठी कोण घासणार?"