तुला काय वाटतं?

एस्बेन खरं तर यायचाच नव्हता. बोलावलं होतं त्याच्या बहिणीला. तिला सर्दी झाली, म्हणून हा ओल्या कोटासकट खुर्चीत येऊन बसला. काम सोपं होतं – फेरीबोटीच्या नव्या वेबसाइटवर जायचं तिकीट काढायचं, खोटंखोटं. शेजारी मारेन. माणसं कुठे अडतात ते टिपण्याचा तिला पगार मिळे.

"मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं," ती म्हणाली. "मी मात्र मदत करणार नाही."

"मनात येईल ते?... बरं. तुझ्या एकाच कानात डूल आहे."

"वेबसाइटबद्दल!"

"मग तसं सांगायचं ना!" तो पडद्याकडे वळला. "पैसे भरायचं बटण कुठंय?"

"तुला कुठे असावंसं वाटतं?"

"खाली. हिरवं. ठसठशीत... तू नेहमी प्रश्नाला प्रश्नच करतेस?"

"तुला काय वाटतं?"

बटण त्याला सापडलं नाही. डूल सापडला – तिच्याच मफलरमध्ये. चाचणीला आल्याबद्दल मिळालेली आभाराची चॉकलेटं त्यानं तिथेच फोडली, निम्मी तिच्यापुढे सरकवली. मारेननं अहवालात बटणाचं लिहिलं. बाकीचं अहवालात लिहिण्याजोगं नव्हतं.

हिवाळाभर दोघं एका छत्रीत भिजली. ऑर्हुस बंदराच्या वाऱ्यात छत्री ही शोभेची वस्तू.

वसंतात त्याला फॅरो बेटांवर बोटी बांधायचं काम चालून आलं. मारेनच्या स्वयंपाकघरात, तिच्या टेबलावर, त्यानं तीच वेबसाइट उघडली. या वेळी खरीखुरी.

"मारेन... जाऊ का मी?"

'नको' अगदी ओठांवर आलं. पण समोर पडदा, पडद्यासमोर माणूस, माणसाला पडलेला प्रश्न – जीभ सवयीनं वळली.

"तुला काय वाटतं?"

तो तिच्याकडे वळला. "मला वाटतं, एकदा तरी तू सांगावंस."

"मी कशी सांगू? उत्तर तुझं हवं... माझ्यामुळे राहिलास असं नको व्हायला."

"अगं, चाचणी अजून चालूच आहे का?"

तिनं पडद्याकडे बघितलं. मदत न करण्यात ती तरबेज होती.

बटण त्याला लगेच सापडलं. खाली होतं. हिरवं. ठसठशीत.

बोट सुटल्यावर मारेननं वेबसाइट उघडली. त्याला तिकडून परत यायचं झालं, तर तिकीट कुठून काढेल – एवढंच बघायचं होतं. खूप शोधलं. सापडेना.

परतीचं तिकीट काढून बघायला तिनं चाचणीत कुणाला सांगितलंच नव्हतं.