मनगटाची मोटर

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसून तिच्या यंत्रहाताच्या मनगटातली मोटर उघडत होतो. सकाळी मुलीबरोबर दवाखान्यात तपासणीला निघताना ती दारातून म्हणाली होती, "मी येईपर्यंत त्याची थरथर काढून ठेवा. नुसतं बघत बसू नका." दुपारी मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, आई गेली. बाकावर बसल्या बसल्या." मी मोटरचं झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि चपला घातल्या.

आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेले पंप, पंखे, मिक्सर यायचे. मोटर उघडून जुनी तार काढायची, शेवटी जोडणी करून वार्निश द्यायचं, हे माझं काम. नवी कॉइल भरायची तिने. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "वहिनींच्या हातचं ना?" मी सांगायचो, माझ्या हातचं हवं असेल तर दोनदा यावं लागेल. तारेचा एक थर पुरा झाला की ती मनगट किंचित बाहेर वळवायची. तार कडेला चापून बसायची आणि मग पुढचा थर. ढिगातून तिची कॉइल मी न बघता, बोट फिरवून काढून दिली असती. मला त्याचा अभिमान होता आणि मी तो लपवत नसे.

दुकान बंद केल्यावर तिला चैन पडेना. तिने यंत्रहाताचं एक किट मागवलं, हौशी लोक घरी जोडतात तसलं. प्लास्टिकच्या पट्ट्या, प्रत्येक सांध्यात सांगेल तितकीच वळणारी एक छोटी सर्वो मोटर, खाली त्यांना वीज आणि हुकूम देणारा बोर्ड. मुलीने प्रोग्रॅम लिहून दिला. कॉइल भरायची फिरकी एक वेगळी मोटर फिरवणार, हाताने फक्त चिमट्यात तार धरून ती या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायची. आमच्या छंद मंडळाचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, तिला म्हणाले की हे खेळणं आहे, तारेला ताण द्यायचा तर हाताला जाणीव लागते. ती म्हणाली, "जाणिवेचं आम्ही बघतो, मास्तर. तुम्ही प्रदर्शनात टेबल तेवढं राखून ठेवा."

ती गेल्यावर मास्तर भेटायला आले. उठताना चाचरत म्हणाले की यंत्र चालत नसेल तर टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. घाई नाही, पण कळवा.

मी म्हटलं, "टेबल तिच्या नावावर आहे. तिच्याच नावावर राहील."

बोलून बसलो खरा, पण हात चालत नव्हता. सुरू केला की मनगट थरथरायचं, तार वेढ्यावर वेढा चढवायची आणि कॉइलीचं गाठोडं व्हायचं. मी दुकानातल्यासारखाच एका टोकापासून लागलो. आधी पुरवठा. हात उचलला की अडॅप्टरचा विजेचा दाब मीटरवर खाली यायचा. सगळ्या मोटरी एकदम ओढतात, त्या लहानग्याला ते झेपत नव्हतं. मोठा अडॅप्टर लावला. खांदा आणि कोपर शांत झाले, मनगट नाही. बोर्डाची आणि अडॅप्टरची मायनस तार एकत्र जोडलेली आहे ना, ते पाहिलं. होती. मग मनगटाची मोटर काढून कोपरात बसवली आणि कोपराची मनगटात. खराबी मोटरीत असती तर तिच्याबरोबर गेली असती. ती गेली नाही. कोपरातली गप्प बसली आणि मनगटातली थरथरू लागली.

मुलगी म्हणाली प्रोग्रॅम ती पुन्हा पुन्हा वाचते आहे, त्यात काही चूक नाही. वर म्हणाली, "आईला पण कुणी सांगेल तसे हातवारे करायला आवडायचं नाही." आम्ही दोघं हसलो. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटाचा प्लग बोर्डाच्या निरनिराळ्या पिनांवर लावून पाहिला. फरक नव्हता. जेवून येऊन सहज चालू केलं तर थरथर थांबलेली. आम्ही चिमट्यात तार दिली आणि फिरकी सोडली.

खोलीत फक्त मोटरींची बारीक किरकिर होती. तार सरळ चालली होती, वेढ्याला वेढा लागून. थर कडेला पोचला. मनगट किंचित बाहेर वळलं, तार चापून बसली आणि पुढचा थर सुरू झाला.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "बाबा, हे वळणं मी लिहिलेलं नाही."

मी म्हटलं की सांध्यात थोडी ढिलाई असेल. कॉइल उतरवून बोट फिरवलं. आत जाऊन तोंड धुतलं.

प्रदर्शनात मुलीने टेबलावर तिच्या आईच्या पूर्ण नावाचं कार्ड उभं केलं. माझं नाव घालू का म्हणत होती, मी नको म्हटलं. दिवसभर हात कॉइली भरत राहिला. जुनी गिऱ्हाइकं आली. त्यातले एक पंपवाले कॉइल हातात घेऊन एवढंच म्हणाले, "वहिनींच्या हातची." त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. माझी मान ताठ होती. इतकी ताठ लग्नातही नव्हती.

मास्तर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा खुर्ची ओढून बसले आणि वाकून मनगटाकडे बघत राहिले.

"मिस्त्री, ताण कळायला कुठला सेन्सर लावलाय?"

"कुठलाच नाही."

ते आणखी वाकले. मग हळूच म्हणाले, "ही तार कशाची?"

मी खाली बघितलं.

मनगटाच्या मोटरचा प्लग सुटा लोंबत होता. पिना बदलून बघताना मीच तो काढला होता आणि मुलीने जेवायला हाक मारली तसा न लावताच उठलो होतो. म्हणजे घरी पहिली कॉइल भरली तेव्हाही तो सुटाच होता.

बिनविजेचं मनगट आपल्या वजनाने खाली पडतं. हे पडलेलं नव्हतं.

थर कडेला पोचला. मनगट बाहेर वळलं.

मास्तरांनी खुर्ची मागे सारली.

संध्याकाळी आवराआवर करताना मी मनगटाच्या मोटरवर बोट ठेवलं. दिवसभर चाललेली मोटर असते तितकी गरम होती.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंडळाचं बोलावणं आहे. मुलगी सारखी म्हणते, बाबा, नेण्याआधी सगळ्या जोडण्या नीट बघून घ्या. बघितल्या. तो प्लग मात्र मी अजून लावलेला नाही.