दंव न पडणारी जागा

टक्! पुन्हा टक्! जीप काही सुरू होईना.

मामांनी चावी काढली आणि स्टिअरिंगवर हात आपटला. "बॅटरी परत झोपली! अरे, काल दिवसभर चार्ज केली होती! खरं सांगा, गाडीत बसून दिवे कोणी लावले?"

"आम्ही नाही!" भोंगा ओरडला. ताईचा हा धाकटा भाऊ इतक्या मोठ्यानं बोलायचा, की घरात कोणी त्याला खऱ्या नावानं हाक मारायचंच सोडून दिलं होतं.

"मग काय भुतानं लावले? आजपासून जीपमध्ये बसायचं नाही. आणि उद्या सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर जाणं रद्द! परवा मला कामावर हजर व्हायचंय."

मामा पाय आपटत आत गेले. ताई अंगणातच उभी राहिली.

डोंगरापलीकडे, जिथे फोन लागत नाही आणि साधी गाडी पोचत नाही, तिथल्या जमीन-मोजणीच्या तळावर तिचे बाबा काम करत होते. अख्ख्या सत्रात भेट नव्हती. आईला सुट्टी नाही, म्हणून दोघं मामांकडे आली होती; मामा त्यांना जीपनं तिकडे नेणार होते. मामांनी या प्रवासासाठी जीपचं सगळं वायरिंग नवं करून घेतलं होतं. जाड वायरी, नवा फ्यूजबॉक्स, सगळं काळ्या नळ्यांत नीट बांधलेलं. आणि नेमकी तेव्हापासूनच बॅटरी उतरायला लागली होती.

गल्लीतली सगळी मुलं सुट्टीला बाहेर गेली होती. खेळायला कोणी नाही, बोलायला फक्त भोंगा. रोज सकाळी सगळे उठायच्या आत ताई अंगणात यायची आणि जीपवरच्या दंवात बोटानं बाबांना काहीतरी लिहायची. 'गणितात पहिली आले.' 'इथे करमत नाही.' ऊन आलं की सगळं पुसलं जायचं. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आजही तिनं लिहिलं होतं, 'बाबा, आम्ही उद्या येतो.' पण 'उद्या' अर्धाच उमटला होता. जीपच्या मागच्या अंगाला तळहाताएवढी जागा कोरडी होती. कालही तिथेच अक्षर अडलं होतं!

"भोंग्या, इकडे ये. इथे दंव का पडत नाही?"

भोंग्यानं पत्र्याला गाल लावला. "ताई, कोमट लागतंय! आत कोणीतरी शेकोटी पेटवलीय!"

"हळू बोल! याच्या आत काय असतं?"

"हत्यारांची पेटी. पण मामा बसू नका म्हणालेत."

"उभं राहायला कुठे बंदी आहे?"

दोघं मागून चढली. ताईनं पेटीचं झाकण उचललं. आत छोटासा दिवा मिणमिणत होता.

"हात्तिच्या!" भोंगा म्हणाला. "झाकण उघडलं की हा लागतोच. आपल्या फ्रीजसारखा."

ताईनं दिव्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "आई गं! आत्ता लागलेला दिवा इतका तापेल का रे?"

भोंग्यानंही बोट लावून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुजबुजला, "म्हणजे हा आधीपासूनच चालू होता!"

दुपारी वायरमनकाका आले. "बॅटरीच बदला, साहेब. माझ्या कामात खोट निघणार नाही. बघा तरी, एक वायर लोंबताना दिसतेय का?"

"काका," ताईनं विचारलं, "पेटी बंद केल्यावर आतला दिवा विझतो?"

"विझतोच की!"

"तुम्ही पाहिलंय?"

"बंद पेटीत डोकं घालून बघू का आता?" काका हसले. मामाही हसले. मग मामांनी खिसे चाचपले. "माझा फोन कुठे गेला?"

"पेटीत!" भोंगा गरजला. "शूटिंग चालू आहे!"

फोन बाहेर आला. पडद्यावर झाकण खाली आलं, बंद झालं, आणि पाने, पक्कड, दोरी सगळं जसंच्या तसं पिवळ्या उजेडात दिसत राहिलं. नंतर फक्त बाहेरून भोंग्याचा आवाज, "विझला का गं?"

काकांनी पेटीची कड चाचपली. "झाकण मिटलं की दिवा विझवणारं बटण होतं इथे... गंजलेलं. मी ते काढलं आणि दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. म्हटलं, मोकळी टोकं वाईट दिसतात." त्यांनी मान खाली घातली. "पेटी उघडली की दिवा दिसायचा. संशय कसा येणार? शाबास, पोरी! हे माझ्या ध्यानात आलं नसतं."

त्यांनी लगेच नवं बटण बसवलं. मामा बॅटरीला चार्जर जोडता जोडता म्हणाले, "चुकलं माझं. उगाच तुमच्यावर घसरलो. उद्या चावी तू फिरवायची, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवर दंव होतं. सगळीकडे, त्या जागेवरसुद्धा. ताईनं पूर्ण ओळ लिहिली, 'बाबा, आम्ही आज येतो.' एकही अक्षर अडलं नाही. मग मामांना शेजारी बसवून तिनं चावी फिरवली.

घर्रर्र!

"निघालो!" भोंग्यानं सगळी गल्ली जागी केली. पण हात हलवून निरोप द्यायला गल्लीत एकही मूल नव्हतं.

वळणावर पोचताच ऊन आलं. ताई मागच्या सीटवर जाऊन बसली होती. तिनं वाकून बाहेर पाहिलं. अक्षरं ओघळत होती. तळ येईपर्यंत त्यातलं काही उरणार नव्हतं.

तिनं ती पुसून जाऊ दिली. आज तिला सगळं तोंडानं सांगता येणार होतं.